कॉर्न मफिन घरी करताना: मक्याची चव राखायची कशी?

रानजाई
बेकिंगच्या जुन्या धाग्यावर कॉर्न मफिनबद्दलचे प्रश्न इकडेतिकडे विखुरले आहेत. ते एका जागी यावेत म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. या राज्याने १९८६ मध्ये कॉर्न मफिनला अधिकृतपणे राज्याचा मफिन ठरवलं, इतका तो इथला आहे. डायनरमध्ये सकाळी तो आडवा कापतात, कापलेल्या बाजूला लोणी लावतात आणि तापलेल्या पत्र्यावर उपडा टाकून खरपूस भाजून देतात. थंडीत चिलीच्या (राजमा-मांसाच्या तिखट रश्श्याच्या) वाडग्याबरोबर तोच, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातही तोच. मका हे मुळात इथल्या मूळ रहिवाशांचं धान्य. सतराव्या शतकात आलेल्या इंग्रजांनी तो पेरायला आणि खायला त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे आमच्या या ईशान्य भागाच्या, जमिनीत गहू धड येत नव्हता, त्यामुळे आधी मक्याच्या पिठाचे तव्यावरचे जॉनीकेक, मग राय आणि मका मिसळून केलेला पाव, आणि एकोणिसाव्या शतकात सोडा आणि बेकिंग पावडर घरोघरी पोचल्यावर हे फुगलेले मफिन.

आता मुद्द्याचं. या पदार्थाचा सगळा जीव मक्यात आहे. बेकरीतले बहुतेक कॉर्न मफिन आता पिवळा केक झालेत. साखर भरपूर, मैदा भरपूर, मका नावाला. घरी करायचे तर ओव्हनचं दार उघडल्याबरोबर मक्याचा वास आला पाहिजे आणि घास दाताखाली किंचित रवाळ लागला पाहिजे. माझी पाककृती त्या दृष्टीने बसवलेली आहे.

मध्यम आकाराच्या १२ मफिनसाठी (कप २४० मिलीचा): मक्याचं रवाळ पीठ १ कप म्हणजे साधारण १४० ग्रॅम, मैदा १ कप म्हणजे १२५ ग्रॅम, साखर पाव कप, बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाऊण टीस्पून, अंडी २, घट्ट ताक १ कप, वितळवलेलं लोणी ८५ ग्रॅम.

मक्याचं पीठ आधी कोरडंच, मंद आचेवर, छान वास सुटेपर्यंत परता. रंग बदलू द्यायचा नाही. गार झालं की त्यातलं अर्धं ताकात भिजवून वीस मिनिटं ठेवा. ही पायरी गाळू नका. मक्याचा कण कोरडा असतो आणि ओव्हनमधल्या पंधरा-वीस मिनिटांत तो पुरेसं पाणी पीत नाही. मग मफिन खाताना घशात अडकतो आणि दुसऱ्या दिवशी नुसता भुगा होतो. आधी भिजवलं की मऊपणा येतो, आणि न भिजवलेल्या अर्ध्या पिठामुळे रवाळपणाही टिकतो.

ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापत ठेवा. उरलेलं मक्याचं पीठ, मैदा, साखर, मीठ, सोडा, पावडर एका भांड्यात हाताने नीट कालवून घ्या. ताकातल्या मिश्रणात अंडी आणि कोमट लोणी घाला. मग ओलं कोरड्यात ओता आणि उलथन्याने तळापासून वर असं मोजकंच हलवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. लहान गुठळ्या राहिल्या तरी चालतात. लोणी फासलेल्या साच्यांत पाऊण उंचीपर्यंत भरा, १६ ते १८ मिनिटं भाजा. काडी कोरडी निघाली की बाहेर. पाच मिनिटं साच्यात, मग जाळीवर.

कागदी वाट्या मी वापरत नाही. तापलेल्या धातूला लागून जी तपकिरी कड येते, ती कागदात येत नाही.

गोदातीर
रानजाई ताई, अगदी हवा तो धागा! नाशिकला किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर मागितलं की पांढरंशुभ्र, बोटांना करकरणारं पीठ मिळतं. तेच घ्यायचं का? बरेचसे व्हिडिओ इंग्रजीत असतात आणि त्यात नेमकं काय घेतलंय ते कळत नाही.

रानजाई
ते अजिबात नको. आपल्याकडचं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. सूप दाट करायला, मंच्युरियनच्या गोळ्यांना लावतो तो. त्यात ना मक्याची चव, ना रंग. मफिनला अख्ख्या दाण्याचं पिवळं पीठ हवं. मक्के का आटा म्हणून पाकीट मिळतं ते चालेल, पण ते भाकरीसाठी बारीक दळलेलं असतं. मक्याचा रवा मिळाला तर दोन्ही निम्मे निम्मे घ्या, पोत बरोबर जमतो. परदेशातल्यांसाठी एक सूचना: मेक्सिकन दुकानातलं मासा हरिना यात घालू नका. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो. टॉर्टियाला तो उत्तम, पण मफिनमध्ये चवही वेगळी येते आणि पोतही चिकट होतो.

शहादेकर
मक्याचा विषय निघाला म्हणून खास लॉगिन केलं.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे, मक्याची भाकरी हे रोजचं अन्न आहे. पावरा आणि भिल्ल घरांमध्ये जेवणाला मका आणि ज्वारी. तिथला गावठी मका बहुधा पांढरा असतो, दाणा टणक. खाली जळगाव, धुळ्याच्या सपाटीवर पिकतो तो संकरित पिवळा, आणि त्यातला बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. त्यामुळे बाजारसमितीतून आलेलं पोतं दिसलं म्हणून मफिनसाठी उचलू नका. खाद्याच्या मालात ओल राहिली तर बुरशी धरते, आणि मक्यावरच्या बुरशीतलं विष भाजल्याने जात नाही. दाण्याच्या टोकाशी काळपट-हिरवट दिसलं किंवा कुबट वास आला तर तो मका घरात आणायचाच नाही.

चांगला दाणा मिळाला तर दळणाचं असं करा. गिरणीवाल्याला सांगायचं की रव्यासारखं जाड काढा. घरी आणून मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेलं बारीक पीठ भाकरीला, चाळणीत राहिलेला रवा मफिनला. वर कोंड्याचे पापुद्रे येतात, ते सुपात पाखडून काढायचे.

एका वेळी दोन किलोच्या वर दळू नका. मक्याच्या अंकुरात तेल असतं आणि दळल्यावर त्याला हवा लागते. उन्हाळ्यात थोड्याच आठवड्यांत पिठाला खवट वास मारायला लागतो, आणि ती चव साखरेनेही झाकत नाही. डबा फ्रीजमध्ये ठेवा.

गोदातीर
शहादेकर भाऊ, मनापासून धन्यवाद. आमच्या गिरणीत मका दळून देतील का, विचारते उद्याच.

शहादेकर
देतील. फक्त सकाळी पहिला घाणा मागू नका. आधी कुणाचं तरी हरभरा किंवा डाळ दळून झालेली असली की जातं तापलेलं असतं आणि मका सलग उतरतो. आणि हो, जात्यात आधीचं जे उरलेलं असतं ते तुमच्या पिठात येणारच, त्यामुळे पहिलं मूठभर बाजूला काढा.

मोगरा_अटलांटा
छान धागा. पण रानजाई, साखरेवर मी वाद घालणार आहे. :)

मी जॉर्जियात राहते. इथे दक्षिणेत मक्याच्या पावात साखर घातली तर लोक स्पष्ट सांगतात की हा केक आहे. इथला कॉर्नब्रेड पांढऱ्या मक्याचा, ताकातला, मैदा अगदी थोडा किंवा नाहीच. बिडाचा तवा ओव्हनमध्ये लालबुंद तापवायचा, त्यात बेकनची चरबी घालायची आणि मिश्रण ओतलं की चर्र आवाज आला पाहिजे. मी शाकाहारी, त्यामुळे चरबीऐवजी साजूक तूप घालते. मफिनच्या साच्यातही हीच रीत चालते: साचा रिकामा तापवायचा, प्रत्येक वाटीत अर्धा चमचा तूप, मग मिश्रण. कडा इतक्या कुरकुरीत होतात की लोणी लावायची गरज पडत नाही.

तुम्हाला मक्याची चव राखायची आहे ना? मग पाव कप साखर तरी कशाला?

रानजाई
मोगरा, वाद आनंदाने घाल. तुझ्या पद्धतीचा कॉर्नब्रेड मला फार आवडतो, आणि साचा तापवायची युक्ती तर प्रत्येकाने करून बघावी.

पण पाव कपावर मी ठाम आहे. १२ मफिनमध्ये पाव कप म्हणजे एकात जेमतेम एक टीस्पून. इथल्या नेहमीच्या पाककृतींमध्ये पाऊण कप, एक कप साखर असते, तिथे मका मरतो हे मला पूर्ण मान्य. थोड्या साखरेचं काम मात्र नुसतं गोडाचं नाही. ती ओलावा धरून ठेवते, वरचा रंग आणते आणि पिवळ्या मक्यात मुळातच जो गोडसर वास आहे त्याला पुढे आणते. दक्षिणेत जुन्या दगडी जात्यांवर अंकुरासकट दळलेला मका मिळायचा, त्याला स्वतःचीच चव होती. नंतर पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. पीठ टिकावं म्हणून त्या अंकुर काढून टाकू लागल्या, आणि त्याबरोबर चवही गेली. शहादेकरांनी सांगितलंय तसं ताजं, अंकुरासकट दळलेलं पीठ हाताशी असेल तर साखर एकूण दोन टेबलस्पूनवर आणा, मी स्वतः सुचवेन.

मोगरा_अटलांटा
हे पटलं. पीठ बघून साखर ठरवायची. दुकानातल्या पाकिटाला पाव कप, ताज्या दळणाला दोन टेबलस्पून. मान्य!

पिठीसाखर
गूळ चालेल का?

रानजाई
चालेल. पावडरचा गूळ, तेवढ्याच मापाने. रंग गडद येईल आणि चव थोडी खमंग. गूळ ताकात विरघळवून घे, कोरड्यात घातला तर खडे राहतात. मध किंवा मेपल सिरप घालायचं असेल तर ताक दोन टेबलस्पून कमी कर.

तुळसाबाई
आमच्या घरी अंडं येत नाही. अंड्याशिवाय हे मफिन होतात का? आणि ताक म्हणजे आपलं जेवणातलं ताक का? माझं ताक तर पाण्यासारखं असतं.

अणुरेणू
तुळसाबाई, दोन्हीचं उत्तर मी देतो. अन्नप्रक्रिया हा माझा कामाचा विषय आहे.

अमेरिकेत बटरमिल्क म्हणून जे मिळतं ते दुधाला विरजण लावून केलेलं, पातळ दह्याइतकं दाट असतं. आपलं घुसळून पाणी घातलेलं ताक त्या जागी चालत नाही. पाऊण कप ताजं दही आणि पाव कप पाणी एकत्र घुसळा, तेच माप. दही आंबट असलं तरी हरकत नाही, उलट बरं. सोड्याला आम्ल लागतं. एक कप ताकातलं आम्ल साधारण अर्धा टीस्पून सोडा वापरून टाकतं. म्हणून रानजाईंनी तेवढाच घेतलाय आणि बाकी फुगवायचं काम पावडरवर सोपवलंय. सोडा वाढवलात तर साबणासारखी चव येईल आणि मका गडद तपकिरी दिसेल.

अंड्याचं काम इथे नेहमीच्या केकपेक्षा जास्त आहे, हे लक्षात घ्या. मक्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं. मक्यातलं मुख्य प्रथिन झीन, ते पाण्यात मिसळत नाही आणि गव्हासारखी लवचीक जाळी करत नाही. त्यामुळे मफिन उभा राहतो तो मैद्यातल्या ग्लूटेनवर आणि अंड्यावर. अंडं काढलंत तर एका अंड्यामागे पाव कप घट्ट दही घाला आणि मक्याचं प्रमाण पाऊण कपावर आणून मैदा सव्वा कप करा. जवसाची पूड वापरायची असेल तर एका अंड्याला १ टेबलस्पून पूड आणि ३ टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं भिजवून. जवसाने बांधणी दह्यापेक्षा चांगली येते. मिश्रण भरून ठेवू नका, कालवलं की लगेच ओव्हनमध्ये.

तुळसाबाई
किती नीट समजावलंत! जवस घरात आहेच, चटणीसाठी आणलेलं. या रविवारी करते.

चकली
काही मफिन वर टोकदार होतात आणि कापल्यावर आत उभे बोगदे दिसतात. असं कशामुळे?

अणुरेणू
जास्त ढवळल्यामुळे. मैद्यातलं ग्लूटेन ताणलं गेलं की वायूला वाट काढत वर जावं लागतं, त्याचे ते बोगदे. इलेक्ट्रिक बीटर इथे आणूच नका.

ओवी७
माझ्या भाचीला सिलिअॅक आहे, गहू पूर्ण बंद. मक्यात ग्लूटेन नाही म्हणता, मग तिच्यासाठी हे करता येतील का? मैद्याऐवजी काय घालू?

अणुरेणू
ओवी, करता येतील. पण आधी एक गंभीर गोष्ट. वर गिरणीचा सल्ला दिला आहे तो तुमच्या भाचीसाठी नाही. सार्वजनिक गिरणीत गहू दळला जातोच आणि जात्यातला उरलेला गहू मक्यात येतो. मूठभर पीठ बाजूला काढल्याने ते धोक्याच्या पातळीखाली येत नाही. तिच्यासाठी ग्लूटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेलं पाकीटच घ्या, किंवा फक्त तिच्यासाठी ठेवलेल्या घरच्या मिक्सरवर दळा. बेकिंग पावडरवरची यादीही वाचा, कारण तिच्यात भर म्हणून कुठला तरी स्टार्च घातलेला असतो. साचे, चाळणी, उलथनं वेगळं ठेवा.

मैद्याऐवजी काही घालायची गरज नाही. मोगरा म्हणाल्या तसा सगळा मक्याचाच करा. बांधणीसाठी युक्ती आपल्या भाकरीतली आहे, ती शहादेकर जास्त चांगली सांगतील.

शहादेकर
उकड! मक्याचं पीठ थंड पाण्यात मळलं तर भाकरी थापताना चिरते. म्हणून आमच्याकडे उकळतं पाणी घालून पीठ आधी मारून घेतात, मग मळतात. पीठ चिकट होतं आणि भाकरी धरून राहते.

अणुरेणू
तेच. उकळत्या पाण्याने स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि त्याची खळ होते, ती गोंदाचं काम करते. मफिनसाठी: एकूण मक्याचं पीठ २ कप. त्यातल्या पाऊण कपावर पाऊण कप उकळतं पाणी ओतून ढवळा, झाकून कोमट होऊ द्या. मग त्यात १ कप घट्ट ताक, २ अंडी, पाव कप तूप. उरलेल्या सव्वा कप पिठात दीड टीस्पून पावडर, अर्धा टीस्पून सोडा, १ टीस्पून मीठ, हवी तर २ टेबलस्पून साखर. दोन्ही एकत्र करा. इथे ग्लूटेनच नाही, त्यामुळे जास्त ढवळल्याची भीती नाही. साचा तुपासकट तापवून घ्या, २२० अंशांवर साधारण १८ मिनिटं. गरमागरम वाढा, गार झाल्यावर हे लवकर कोरडे पडतात.

ओवी७
तिच्या आईला हा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवलाय. इतक्या बारकाईने लिहिलंत, फार बरं वाटलं.

मोगरा_अटलांटा
मी आजवर उकड न काढता करत होते. आता ही रीत माझ्याकडेही सुरू.

सांजवात
माझ्याकडे फक्त छोटा ओटीजी आहे. २०० वर वरची बाजू जळते आणि आत कच्चं राहतं. कढईत करता येईल का?

रानजाई
सांजवात, छोट्या ओटीजीत वरची कांडी साच्याच्या फार जवळ येते. जाळी सर्वांत खालच्या खाचेत लाव, दोन्ही कांड्या चालू ठेवून पंधरा मिनिटं तापव. मफिन आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त खालची कांडी ठेव, शेवटी दोन्ही. पंखा असेल तर तापमान १८० कर. आणि ओटीजीचा काटा दाखवतो ते आणि आतलं खरं तापमान यांत पुष्कळ फरक असू शकतो. आत ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो घेऊन टाक, सगळ्याच बेकिंगला उपयोगी पडेल.

कोरांटी
कढईबद्दल मी सांगते. जाड बुडाच्या कढईत तळाला मिठाचा थर, त्यावर तिवई, घट्ट झाकण, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवायची. मफिनसाठी स्टीलच्या किंवा अॅल्युमिनिअमच्या छोट्या वाट्या तूप लावून. मग आच मंद-मध्यम, पंचवीस ते तीस मिनिटं. झाकण सारखं उघडायचं नाही. वरून रंग येत नाही, फिकट राहतात. चवीत फरक नाही. पाहिजे तर आडवे कापून तव्यावर लोण्यात भाजा, म्हणजे रंगही येतो.

पण माझं आवडतं भांडं अप्पेपात्र. या मिश्रणाचे छोटे मफिन त्यात उत्कृष्ट होतात. प्रत्येक वाटीत थेंबभर तूप, मंद आच, झाकण. चार-पाच मिनिटांनी सुरीच्या टोकाने उलटवायचे. दोन्हीकडून खरपूस. त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं घातलं की संध्याकाळच्या चहाला दुसरं काही लागत नाही. तिखट करताना साखर एक चमचाच.

शहादेकर
कोरांटी ताई, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा घालून बघा.

कोरांटी
घालतेच!

माळवी_मका
इंदूरहून नमस्कार. आमच्या मराठी घरांतही पावसाळा लागला की भुट्ट्याचा कीस होतो. कोवळा देशी मका किसणीवर किसून, दुधात शिजवून. माझं सुचवणं असं की हा कीस मफिनमध्ये घाला. दोन कणसं किसली की साधारण पाऊण कप निघतो. त्यातलं दूध पिठाला मक्याची जी चव देतं ती कोरड्या पिठात मिळत नाही. फक्त ताक पाव कपाने कमी करायचं. देशी मका घ्यावा, फार कोवळा नको. नखाने दाबल्यावर पांढरं दूध आलं पाहिजे, पाणी नको.

रानजाई
माळवी_मका, सुंदर सुचवलंत. इकडे ऑगस्टमध्ये ताजी कणसं येतात तेव्हा दाणे सोलून घालतात, पण किसून घातल्याने रस सगळीकडे जातो, ते जास्त योग्य. मात्र इथला स्वीटकॉर्न घेतला तर साखर पूर्ण वगळावी लागेल, तो मुळातच फार गोड असतो. आणि वाचणाऱ्यांसाठी: स्वीटकॉर्न वाळवून दळायचा प्रयत्न करू नका. त्याची साखर स्टार्चमध्ये नीट बदलत नाही, दाणा वाळला की सुरकुततो, त्याचं धड पीठ होत नाही.

नवी_विटी
अमेरिकेत नवीनच आलेय. दुकानात जिफी कंपनीच्या तयार कॉर्न मफिन मिश्रणाचा निळा-पांढरा खोका दिसतो, स्वस्त आहे. तो घेतला तर चालेल ना? आम्ही शाकाहारी, अंडं खातो.

रानजाई
नवी_विटी, स्वागत. तो मिशिगनमधल्या चेल्सी गावच्या गिरणीचा माल. १९३० मध्ये मेबल व्हाइट होम्स यांनी तयार मिश्रणाची कल्पना काढली, आणि आज थँक्सगिव्हिंगला लाखो घरांत तोच खोका उघडतो. खोक्यात साडेआठ औंस, म्हणजे २४० ग्रॅम. अंडं आणि दूध घातलं की झालं. पण शाकाहारी आहात म्हणून सांगते, त्यात वर्षानुवर्षं डुकराची चरबी असायची आणि त्यासाठी शाकाहारी असं लिहिलेला वेगळा खोका निघाला. घेताना साहित्याची यादी वाचूनच घ्या.

घाईच्या दिवशी ठीक आहे. त्यात दुधाऐवजी ताक घाला, चार चमचे रवाळ मक्याचं पीठ वरून मिसळा, बरंच सुधारतं. पण पिठाचं पाकीट घेऊन मुळापासून करायला फक्त दहा मिनिटं जास्त लागतात, ती द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

हिरवाचाफा
मुलांच्या डब्याला रोज दिले तर चालतील का? मका पौष्टिक म्हणतात, पण मक्यावर जगणाऱ्यांना आजार व्हायचा असंही कुठेतरी वाचलंय.

अणुरेणू
तो आजार पेलाग्रा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसं मेली. गरीब कुटुंबं मका, मोलॅसिस (काकवीसारखा पाक) आणि डुकराची चरबी एवढ्यावरच जगत होती. लोक संसर्ग समजत होते. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून काम करून दाखवलं की दोष आहारात आहे. १९३७ मध्ये कळलं की कमतरता नायसिनची, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची. मक्यात ते असतं, पण बांधलेल्या अवस्थेत, शरीराला मिळत नाही. मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते सुटं होतं. मका जगभर गेला, ही रीत बरोबर गेली नाही. आपल्याकडेही दख्खनमध्ये जवळजवळ फक्त ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसायचा, त्यावर हैदराबादच्या पोषण संस्थेत सी. गोपालन यांनी महत्त्वाचं काम केलं.

तुमच्या मुलांना याची काळजी नाही. आजार व्हायचा तो दुसरं काहीच खायला न मिळाल्यामुळे. दूध, अंडी, डाळी खाणाऱ्या मुलाला डब्यात मफिन दिल्याने काही होत नाही. फक्त लोणी आणि मैदा रोज नको, आठवड्यातून एकदोनदा द्या. तिखट मफिनमध्ये किसलेलं गाजर, पालक छान मिसळतो.

हिरवाचाफा
शंका पूर्ण फिटली. धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे.

गोदातीर
धागा वर काढतेय. गिरणीत मका मिळाला दळून, रवा चाळून घेतला, आणि मफिन झाले! ताज्या पिठाला दोनच टेबलस्पून साखर घातली. घरभर वास होता. सासूबाईंनी तर मफिन कुस्करून त्यावर दूध घालून खाल्ला, म्हणाल्या हे आमचंच आहे की. एकच विचारायचं होतं: बारा एका दिवसात संपत नाहीत. फ्रीजमध्ये ठेवू का?

रानजाई
गोदातीर, किती आनंद झाला! दूध घालून कुस्करलेला मफिन मीही खाऊन बघणार. तुझ्या मोगरा मैत्रिणीकडे दक्षिणेत कॉर्नब्रेड ताकात कुस्करून पेल्यातून खातात, सासूबाईंना सांग.

फ्रीजमध्ये नको. फ्रीजच्या गारव्यात स्टार्च लवकर घट्ट होतो आणि मफिन बाहेरपेक्षा तिथेच लवकर शिळे होतात. आजचे-उद्याचे डब्यात बाहेर ठेव. बाकीचे पूर्ण गार झाल्यावर एकेक गुंडाळून सरळ फ्रीजरमध्ये, महिनाभर टिकतात. काढल्यावर मायक्रोवेव्हमध्ये टाकू नकोस, चिवट होतात. तासभर बाहेर ठेवून आडवे काप आणि लोणी लावून बिडाच्या तव्यावर मंद आचेवर भाज, कापलेली बाजू खाली.

मोगरा_अटलांटा
आणि वरून मध नको, मीठ भुरभुरव!

गोदातीर
दोन्ही करून बघते. सहा आजच फ्रीजरमध्ये गेले.